रंगाखालचं हसू

सुमनमावशी गेल्याचा फोन आला, तेव्हा मी सोमाटण्याला बसची वाट बघत उभी होते. आजारी होती, कधीतरी हे ऐकावं लागणार हे ठाऊक होतं. तरी बस आली आणि गेली, मी तिथेच...

मावशी लोणावळ्याला शाळेत चित्रकला शिकवायची. निवृत्तीनंतर तिला बोटभर उंचीची माणसं करण्याचा नाद लागला. मातीत घडवायची, साचा काढून त्यात रेझिन, म्हणजे घट्ट होणारं पातळ प्लास्टिक, ओतायची, मग रंगवायची. शेवटच्या आजारपणात तिने स्वतःची आई केली, हिरव्या लुगड्यात, भाताची रोपं घेऊन उभी असलेली. आजी फार लवकर गेली होती आणि तिचा एकही फोटो नव्हता. सगळं आठवणीतून केलेलं.

औंढ्याहून मावशीची भागूआत्या तिला भेटायला आली. नव्वदी ओलांडलेली. मूर्ती डोळ्यांजवळ नेऊन बराच वेळ बघत राहिली.

"ही आमची वैनी न्हाई. वैनी निळं लुगडं नेसायची. आन ही लय रागावल्यावानी दिसती."

मावशी खट्टू झाली, पण दुसऱ्या दिवशी मला म्हणाली, "वरूनच पुन्हा रंगवलं तर चेहरा आणखी बुजेल. आधीचा रंग काढू."

तिचे हात थरथरायचे, म्हणून हात माझे आणि सूचना तिच्या. मी थिनरचा डबा उचलला. "ते नको गं. एका रेझिनच्या बैलाला लावलं होतं, शिंगं चिकट होऊन वाकली." मग औषधाच्या दुकानातून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणलं. तिने खिडक्या उघडायला लावल्या, गॅस बंद आहे ना बघायला लावलं, हातमोजे घालायला लावले. आधी तळाला थेंबभर लावून रेझिन मऊ पडत नाही याची खात्री केली, मग मूर्ती झाकणाच्या बरणीत बुडवली. थोड्या थोड्या वेळाने काढून मऊ टूथब्रशने हलकेच घासायचं, जोर करायचा नाही. शेवटी साबणाच्या कोमट पाण्याने धुवायचं; कढत पाण्याने रेझिन वाकतं.

हिरवा रंग गेला, चेहऱ्यावरचे जाड थर सुटले आणि ओठांची बारीक कड वर आली. आजी हसत होती.

"मी हसूच केलं होतं की..." मावशी पुटपुटली. "रंगवताना बुजवलं."

पुढच्या रविवारी भागूआत्या पुन्हा आली. राखाडी, बिनरंगाची मूर्ती तिने तळहातावर घेतली. "व्हय. हीच." मग मूर्तीलाच म्हणाली, "वैनी, कुटं व्हतीस गं येवढी वर्सं?" मावशी रडली आणि हसलीही. इतकी मोकळी मी तिला त्या आजारपणात पाहिली नव्हती.

निळा रंग द्यायचा राहून गेला. मागच्या महिन्यात मी तो दिला, अगदी पातळ, आणि मूर्ती औंढ्याला नेऊन आत्याच्या हातात ठेवली. तिने पदराने डोळे पुसले.

"आता आमच्या सुमीची बी कर एक."

माती आणली आहे. पहिल्या प्रयत्नात नाक जरा मोठं झालं. मावशीने बघितलं असतं तर म्हणाली असती, असू दे, पण डोळे नीट कर... डोळे जमू लागलेत.