टेबलावरचा नारळ

आमच्या लॅबमध्ये क्रिस्टल सोडून सगळं साठतं. धूळ साठते, डबे साठतात, किस्से तर विचारूच नका!

आधी माझं रडगाणं ऐका. आपल्या पेशीला आतून प्रोटीनचा एक सांगाडा असतो. त्याचा पूर्वज जंतूंमध्ये सापडतो. त्या प्रोटीनचा आकार बघायचा, तर आधी त्याचे क्रिस्टल यायला हवेत. क्रिस्टल यायला प्रोटीनचे थेंब ठेवलेला ट्रे अजिबात हलता कामा नये. आणि क्रिस्टल नाही तर माझी पीएच.डी. नाही. शेवटचं एक्स्टेन्शन चालू आहे, बोला!

*

देवळ्याची आत्या आली. म्हणाली, "इतकी वर्षं करतीस तरी काय?"

मी सांगितलं, सांगाड्याचं मूळ शोधते.

"अगं बाई! आम्ही इथं तुझ्यासाठी पोरांची खानदानं बघून दमलो, अन् तू जंतूंचं खानदान बघत बसलीस!"

*

आमचे शिपाई मामा सिन्नरचे. एकदा ट्रे ठेवलेल्या कूलरचं दार सारखं धाडधाड वाजत होतं. उघडून बघते तर आत द्राक्षांची पेटी!

"मामा!!"

"ताई, बाहेर नरम पडत्यात हो."

ट्रे गेला. द्राक्षं मात्र मस्त कडक राहिली.

*

मग एकदाचे क्रिस्टल आले. चकचकीत! सरांनी आधी पेढे वाटले आणि मग तपासले. द्रावणातलं मीठ निघालं. साधं मीठ! मी डोकं धरून बसले.

मामा पेढा खात म्हणाले, "मीठ तर कॅन्टीनमधी पण होतं की."

*

सरांना अंधश्रद्धेचा भयंकर राग. गावोगाव व्याख्यानं देतात. लॅबमध्ये पूजाबिजा बंद, सक्त ताकीद. पण खंडेनवमीला यंत्रांची पूजा चुकली तर मामांना घास गोड लागत नाही. सर बाहेर गेले तशी मामांनी सेंट्रिफ्यूजला हळदकुंकू लावलं, मायक्रोस्कोपला झेंडू वाहिला, आणि नारळ? नेमका मी कूलरमधून बघायला काढलेल्या ट्रेच्या टेबलावर आपटला! ट्रे टणकन उडाला. मी अक्षरशः किंचाळले. सरांनी परत आल्यावर मामांना असं झापलं, असं झापलं, की खालच्या मजल्यावरून लोक बघायला आले.

सुट्टीनंतर ट्रे फेकायला काढला. सहज मायक्रोस्कोपखाली धरला, तर आत बारीक सुया! तपासलं, प्रोटीनच! मी रडलेच हो.

पण सुया फारच लहान होत्या, प्रोटीनचा आकार कळेना. पुन्हा तसाच नवा ट्रे लावला. तेच पाणी, तेच मीठ, तीच थंडी. काही नाही. परत लावला. ढिम्म! एक्स्टेन्शन संपत आलं, तशी माझी झोप उडाली.

*

परवा सकाळी सर आले. दार आतून लावून घेतलं. पिशवीतून दोन नारळ काढून माझ्यासमोर ठेवले.

"मामांना बोलवा. त्या दिवशी किती जोरात आपटला होता, विचारा."

मी विचारलं, "सर, पण दोन कशाला?"

सर भडकले. "इतकी वर्षं काय शिकलात? एक टेबलावर फोडायचा, एक बाहेर पायरीवर. तुलनेला कंट्रोल नको?"