टेबलावर बोलू

माझी मावशी एकोणीस वर्षं एकाच खोलीत मालिश करतेय. खोली तळघरात आहे. खिडकी नाही, म्हणून भिंतीवर समुद्राचं चित्र लावलंय. मधोमध टेबल, त्याच्या एका टोकाला तोंड घालायचं भोक. गिऱ्हाईक पालथं पडून त्या भोकातून फरशी बघतं, त्यामुळे सगळे मावशीला चपलांवरून ओळखतात आणि ती सगळ्यांना पाठीवरून. रस्त्यात कुणी हाक मारली की ती गोंधळते. "तोंड ओळखीचं नाही गं. पाठमोरा झाला असता तर लगेच सांगितलं असतं."

गेल्या वर्षी तिच्या उजव्या अंगठ्याच्या बुडाशी गाठ आली. डॉक्टर म्हणाले, "असंच दाबत राहिलात तर वर्षभरात हा अंगठा कामातून जाईल." आत्ताच तिला बाटलीचं झाकण फिरत नाही. नेमकं गेल्या महिन्यात मालिश शिकवणाऱ्या एका शाळेने तिला बोलावलं. तिने उभं राहून सांगायचं, दाबायचं ते विद्यार्थ्यांनी. अट एकच होती. आधीच्या मालकाने मोकळं केल्याचं पत्र हवं, सहीसकट, महिनाभरात.

मालक म्हणजे साहेब. उभे असतात तेव्हा साहेब कधीच मोकळे नसतात. एका कानाला फोन, एक बोट वर, आणि नाकातून, "टेबलावर बोलू, हं? टेबलावर." म्हणजे गुरुवारी. तेव्हा ते चाळीस मिनिटं तिच्याच हाताखाली आडवे असतात आणि तिसऱ्या मिनिटाला घोरायला लागतात. ओळीने तीन गुरुवार मावशीने राजीनामा दिला, तिन्ही वेळा घोरण्याला.

घरी तरी सुटका असावी? आजोबा पेपर वाचता वाचता गुडघा पुढे सरकवतात. आई भांडी घासता घासता खांदा पुढे करते. शेजारच्या काकू कात्री मागायला येतात आणि मान देऊन बसतात.

बुधवारी संध्याकाळी आम्ही तालीम केली. साहेब मी झाले. दोन उशांच्या फटीत तोंड खुपसलं आणि नाकातून म्हटलं, "बोल बोल, ऐकतोय मी. डावीकडे जरा."

"साहेब, माझं थोडं काम होतं."

पुढचं मला माहीत नाही. जाग आली तेव्हा आई कपड्यांच्या घड्या घालत होती.

"बघ," मावशी म्हणाली. "तूसुद्धा."

"मग एवढं मऊ दाबतेस कशाला? चांगलं बोचकार त्याला," आई म्हणाली.

"हात ऐकत नाहीत."

गुरुवारी तिने मुद्दाम गार पाण्यात हात बुडवून सुरुवात केली. साहेब म्हणाले, "वा, काय गारवा." तिने कोपर रुतवलं. साहेब म्हणाले, "हीच, हीच ती जागा." आणि घोरायला लागले.

या कामात पहिल्याच दिवशी एक नियम शिकवतात. माणूस टेबलावर असेपर्यंत दोन्ही हात एकदम उचलायचे नाहीत. तेल घ्या, बाजू बदला, एक हात अंगावर हवाच, नाहीतर माणूस दचकतो. एकोणीस वर्षांत मावशीने हा नियम मोडला नव्हता. त्या दिवशी तिने दोन्ही हात उचलले आणि पाठीमागे धरले.

घोरणं थांबलं.

"कुठे गेलीस?"

"इथेच आहे. चपला दिसतायत ना?"

"मग हात?"

"साहेब, मी काम सोडतेय. पत्रावर तुमची सही हवीय."

"एवढंच ना? हात ठेव, मग बोलू."

"सही झाली की ठेवते."

आता साहेबांना उठावं तर लागणार. पण अंगावर फक्त चादर. अशा वेळी मालिशवालीने बाहेर जायचं, दार ओढायचं, मग माणसाने उठायचं, असा तिथला रिवाज. मावशी बाहेर गेलीच नाही. साहेब बराच वेळ तिच्या चपलांशी बोलले. "तू घरच्यासारखी आहेस गं. पगाराचं बघू की. आणि माझ्या कमरेचं काय?" चपला हलल्या नाहीत. शेवटी तिने वाकून पत्र आणि पेन त्या भोकाखाली सरकवलं. टेबलाच्या कडेवरून एक हात खाली लोंबकळत आला, चाचपडला आणि त्याने फरशीवरच्या पत्रावर सही केली.

"आता ठेव."

तेवीस मिनिटं उरली होती. तिने हात ठेवले. अंगठा ठणकत होता.

घरी सगळ्यांनी पत्र पाहिलं. सही कागदाच्या कोपऱ्याकडे घसरत गेली होती. आजोबांनी चष्मा लावून दोनदा वाचलं. "छान झालं. आता रोज लवकर येत जाशील," म्हणाले आणि गुडघा पुढे केला.

मावशीने गुडघ्याकडे पाहिलं. मग तेलाची बाटली त्यांच्यासमोर ठेवली. "झाकण तुम्ही उघडा, बाबा. मला फिरत नाही."

आजोबांनी झाकण उघडलं, बाटली तिच्या हातात दिली आणि गुडघा आणखी जरा पुढे सरकवला.