रिकाम्या पोटी कॅल्शियम

आईचं दही बंद झालं तेव्हा मी कॉलेजात होते. तिला मुतखडा झाला होता. तंजावूरच्या राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीतले सगळे ज्यांच्याकडे जात, त्या डॉक्टरांनी खडा पडल्यावर सांगितलं की तो कॅल्शियमचा आहे, तेव्हा दूध, दही, ताक, नाचणी सगळं बंद. किती दिवस, ते त्यांनी सांगितलं नाही आणि आईनं विचारलं नाही. पुढे ते डॉक्टर वारले, त्यांच्या दवाखान्याच्या जागी एसटीडी बूथ आला, तरी आईचं दही बंदच. तंजावुरात दह्याशिवाय जेवण संपत नाही. आम्ही शेवटचा भात दह्यात कालवायला लागलो की ती आपलं पान उचलून आत जायची. अशी अकरा वर्षं गेली. दह्याऐवजी पोट भरायला ती रोज भरपूर कीरै खायची, म्हणजे इकडची पालेभाजी, आणि चार वाजता मूठभर भाजलेले शेंगदाणे. त्यानं अंगात ताकद येते असं तिला वाटे.

एका सकाळी न्हाणीघरात तिचा पाय घसरला. पडली ती नुसती हातावर, पण मनगट मोडलं. हाडांच्या डॉक्टरांनी फोटो बघून सांगितलं की हाडं विरळ झालीत. कॅल्शियमची गोळी दिवसातून दोनदा आणि ड जीवनसत्त्वाचं इंजेक्शन दर आठवड्याला. हे सगळं ते आईला सांगत नव्हते, माझ्या धाकट्या भावाला सांगत होते. भाऊ तेव्हा एका नव्या औषध कंपनीचा प्रतिनिधी होता. तंजावूरच्या उकाड्यात टाय बांधून, मोटारसायकलला चामडी बॅग अडकवून तो दवाखान्या-दवाखान्यांतून फिरे. त्या वर्षी त्याच्या बॅगेत मुख्य माल म्हणजे हीच गोळी होती, आणि हे डॉक्टर ती लिहून देतात याचा त्याला अभिमान होता.

आई प्लास्टर घालून घेताना हळूच म्हणाली, "मला मुतखडा झाला होता."

डॉक्टरांनी मान वर केली नाही. ते जुनं झालं, असं काहीसं तमिळमध्ये म्हणाले. भाऊ तिला आपल्या मराठीत म्हणाला, "आई, त्यांना माहीत असतं."

मी तिथेच उभी होते आणि मीही गप्प बसले. इतकंच नाही, घरी आल्यावर गोळ्यांचं वेळापत्रक मीच लिहून भिंतीला लावलं. एक सकाळी कॉफीच्या आधी, एक संध्याकाळी सहाला. रिकाम्या पोटी चांगली लागू पडते, असं भावानं सांगितलं होतं. ओरत्तनाडूच्या सरकारी कचेरीत मी नोकरीला होते, तिथे दोन फायलींत दोन वेगळ्या नोंदी दिसल्या की मी लगेच पकडायची. पण जिला वाटीभर दह्यातलं कॅल्शियम चालत नाही, तिला गोळ्यांतलं कसं चालतं, हे माझ्या डोक्यात आलं नाही. दही बंदच राहिलं. इंजेक्शनं सहा झाली. आईला जरा बरं वाटतं म्हटल्यावर भावानं आणखी सहा आणली. मध्ये एकदाही कोणी रक्त तपासलं नाही, लघवी तपासली नाही.

काही महिन्यांनी पापनाशमला मावसबहिणीच्या मुलाची मुंज होती. पंगत अर्धी झाली आणि आई पानावरून उठली. मागच्या अंगणात धुण्याच्या दगडापाशी मला ती सापडली, गुडघे पोटाशी घेऊन. ओकत होती. बायका म्हणाल्या, उन्हानं झालं असेल, लिंबू द्या. आईनं माझ्या साडीचा काठ धरला आणि म्हणाली, "तोच आहे." भाड्याच्या गाडीतून तंजावूरला येईपर्यंत तिनं तोंडातून आवाज काढला नाही. तिच्या त्या सोसण्याचाही मला राग येत होता.

खडा नळीत अडकला होता, दुसऱ्या मूत्रपिंडात आणखी एक होता, आणि ताप चढला होता. ऑपरेशन करावं लागलं. ते करणारे डॉक्टर वयस्कर होते. चौथ्या दिवशी स्टूल ओढून ते आईच्या खाटेजवळ बसले आणि तुम्ही काय जेवता, असं विचारलं. अकरा वर्षांत हा प्रश्न विचारणारे ते पहिले. आईनं कीरै सांगितली, शेंगदाणे सांगितले, दही बंद असल्याचं सांगितलं. गोळ्यांचं आणि इंजेक्शनांचं मी सांगितलं.

त्यांनी शांतपणे समजावलं. तिचा खडा कॅल्शियम ऑक्झलेटचा होता. पालेभाजीत आणि शेंगदाण्यात ऑक्झलेट असतं. जेवणात दही असलं तर त्यातलं कॅल्शियम या ऑक्झलेटला आतड्यातच पकडतं आणि शौचावाटे घालवतं. दहीच नसेल तर ते सगळं मूत्रपिंडाकडे जातं. म्हणजे पथ्यानं हाडंही झिजली आणि खड्याचीही सोय झाली. वर रिकाम्या पोटी गोळी, जिला पकडायला ऑक्झलेटच नाही, आणि मोजमाप न करता ड जीवनसत्त्वाचा मारा. ते जास्तीचं कॅल्शियम लघवीत उतरत राहिलं.

"दही खा," ते आईला म्हणाले. "जेवताना, रोज. तुम्हाला कोणीतरी उलटं सांगितलं."

आई हसली. मी तडक बाहेर आले.

भाऊ व्हरांड्यात होता. त्याच्या बॅगेतलं गोळीचं रंगीत पत्रक काढून मी त्याला शेवटचं पान वाचायला लावलं. बारीक अक्षरात लिहिलं होतं की मुतखडा होऊन गेलेल्यांनी जपून घ्यावी.

"अक्का, हे डॉक्टरांनी बघायचं असतं," तो म्हणाला.

"तिनं सांगितलं होतं. तुझ्यासमोर."

तो पत्रकाची घडी घालत राहिला. पुष्कळ दिवस मी त्याच्याशी बोलले नाही. त्यानं नोकरी सोडली नाही, फक्त घरी औषधं आणणं सोडलं.

अर्ध्या दिवसाची रजा टाकून मी हाडांच्या डॉक्टरांकडे गेले, सगळे रिपोर्ट घेऊन. रोग्यानंच सांगायला हवं होतं, असं ते म्हणाले. मी आईचा केसपेपर मागितला. त्यावर वय, मनगट, गोळी, इंजेक्शन एवढंच होतं. टेबलावरचं पेन उचलून मी त्यावर इंग्रजीत मोठ्या अक्षरांत 'किडनी स्टोन' लिहिलं आणि कागद परत त्यांच्यापुढे सरकवला. ते रागावले, असं वागणं शोभत नाही म्हणाले. मी रिपोर्ट उचलून बाहेर पडले.

आईच्या गोळ्या आणि इंजेक्शनं थांबली. पाणी वाढलं, मीठ कमी झालं, पालेभाजी आणि शेंगदाणे अधूनमधून, दही दोन्ही वेळा. दिवसभराची लघवी कॅनमध्ये साठवून तपासायला द्यावी लागे, त्याची तिला फार लाज वाटे. वर्षभरानं त्या वयस्कर डॉक्टरांनी रक्त तपासून ड जीवनसत्त्व पुन्हा सुरू केलं, अगदी थोडं, आणि दर काही महिन्यांनी तपासणी. खडा पुन्हा झाला नाही. विरळ हाडांमुळे पाठीला आलेलं पोक मात्र गेलं नाही, आणि मनगट वाकडंच राहिलं. जड भांडं उचलायला ती मला हाक मारायची.

कोणी विषय काढला की ती म्हणायची, त्या बिचाऱ्यांना तरी काय माहीत. गल्लीतल्या डॉक्टरांना, हाडांच्या डॉक्टरांना, भावाला, मला, सगळ्यांना तिनं एका वाक्यात माफ करून टाकलं होतं. मला ते ऐकवत नसे. मी भांडं उचलून आत न्यायची आणि तिथेच थांबायची, ती दुसरं काही बोलायला लागेपर्यंत.