रॅम्पवरची रांगोळी

"थांबव गं तिला. चाकानं रांगोळी मोडेल."

आमच्या अपंग संस्थेच्या मॅडम हे माझ्याशी बोलल्या नाहीत. माझी खुर्ची ढकलणाऱ्या कमलशी बोलल्या. मी त्या दोघींच्या मध्ये बसलेली, संस्थेनं दिलेली साडी नेसून.

नांदेडला गोदावरीच्या काठावर नवी बाग झाली. चाकाच्या खुर्चीवरच्या माणसांना नदीपर्यंत जाता यावं म्हणून सपाट वाट केली, आणि वरच्या ओट्यावर चढायला रॅम्प. त्याचंच उद्घाटन होतं. त्या रॅम्पवर खालपासून वरपर्यंत रांगोळीचा मोर काढला होता. दोन्ही कडांना पाय ठेवायला जागा सोडली होती. चाकाला नाही.

मॅडमनी मंडपवाल्या दोघांना हाक मारली. "हिला पायऱ्यांवरून वर घ्या. लवकर, साहेब निघालेत."

एकानं माझ्या काखेत हात घातले, दुसऱ्यानं गुडघ्याखाली. विचारलं नाही. सात पायऱ्या. मी मोजत होते, कारण मला लोकांकडं बघायचं नव्हतं. पदर लोंबत होता. साडी वर सरकली आणि माझे वाळलेले पाय उघडे पडले. समोर बसलेले सगळे बघून राहिले होते.

"लई जड हाय की ही," काखेतला म्हणाला.

"हाव. संस्थेचं खाते ना बसल्या बसल्या."

लोक हसले. मॅडम हसल्या. मी पण हसले. त्या माझ्या हसण्याची लाज मला अजून वाटते.

मी किल्लारीकडची. भूकंपात कमरेवर भिंत पडली तेव्हा सहा वर्षांची होते. नव्या गावात नवी शाळा बांधली, तिला पाच पायऱ्या. माझे वडील, अण्णा, रोज मला कडेवर घेऊन चढायचे. चौथीपर्यंत मी वाढले, अण्णा थकले. गुरुजी म्हणाले, "रोज कोण उचलणार हिला? घरीच राहू द्या." झालं. शाळा संपली. पुढं लई वर्षांनी मॅडमनी मला नांदेडला आणलं. शिलाई शिकवली, राहायला खोली दिली, खुर्ची दिली. त्यांची मेहरबानी म्हणून मी कधी मान वर केली नाही. खोली गेली तर जाऊ कुठं, एवढीच भीती पोटात घेऊन मी शाळेचे गणवेश शिवत राहिले.

वर नेऊन त्यांनी मला फरशीवर ठेवलं. सामान ठेवतात तसं. खुर्ची मागनं आली. मग फोटोत पाणी यावं म्हणून मला नदीकडं पाठ करून बसवलं. नदी मला दिसलीच नाही.

साहेब आले. शाल, नारळ, भाषण. मग माइक माझ्या तोंडापुढं आला. मॅडमनी पाठ करून घेतलेलं मी म्हणाले, "आज आम्हाला कुणाच्याही आधाराशिवाय इथपर्यंत येता आलं. मी संस्थेची आभारी आहे." टाळ्या पडल्या. माझ्या काखा ठणकत होत्या.

साहेब रॅम्पवरून उतरले. त्यांच्यामागं सगळा घोळका उतरला. कडेची जागा कुणी बघितली नाही. मोराची मान गेली. पिसारा बुटांना लागून खाली गेला.

मग ते दोघं परत आले.

"चला, बिऱ्हाड उतरवू."

"हात लावू नका," मी म्हणाले.

मॅडम वळल्या. "रांगोळीचा व्हिडिओ राहिलाय अजून. पायऱ्यांवरून जा."

"रांगोळी कुठं राहिलीय, मॅडम?"

"तोंड वर करून बोलतेस? कोणामुळं इथं आलीस तू?"

खोली डोळ्यापुढं आली, मशीन आली. तरी म्हणाले, "रॅम्प माझ्यासाठी हाय. मी त्यावरनंच जाणार."

कमल खुर्ची धरायला पुढं आली. मॅडमनी तिच्याकडं नुसतं बघितलं. कमलनं हात काढून घेतले. तिला पण त्यांचीच खोली आहे, म्हणून मी तिला बोल लावत नाही. मी दोन्ही चाकं धरली आणि एकटी उतरले. तळहात सोलले. चाकांना निळा रंग लागला.

चौथ्या दिवशी माझ्या मशीनवर दुसरी बाई बसलेली होती. "थोडे दिवस गावाकडं जाऊन ये," मॅडम म्हणाल्या. मी निघाले तर म्हणाल्या, "खुर्ची संस्थेची आहे. ती ठेव."

दारापर्यंत मी हातावर सरकत गेले. मधे उंबरा होता. तोही ओलांडला.

गावाकडं गेले नाही. बागेमागच्या वस्तीत एका बाईच्या ओसरीवर बसून काजं-बटणं करते. खुर्चीसाठी अर्ज केलाय, माझ्या स्वतःच्या नावानं. ती मिळेल तेव्हा मिळेल. तोवर त्या रॅम्पवर मी हातावर सरकत जाणार, रोज, आणि वर नदीकडं तोंड करून बसणार. कुणाला किळस आली तर येऊ दे. मला उचलायचं असेल त्यानं आधी मला विचारायचं, आणि मी नाही म्हणाले तर हात मागं घ्यायचे.

माइकवर मानलेले आभार मी परत घेते. ज्यांनी टाळ्या वाजवल्या त्यांनी हे पण ऐकावं. मी तिथं खोटं बोलले. रॅम्प समोर असताना, रांगोळी मोडू नये म्हणून मला पायऱ्यांवरून उचलून नेलं होतं.