मागची सोय

“बाय, ह्याला मागं ने. तुमची सोय मागं केलीय.”

तात्या हळूच बोलला, आजूबाजूला ऐकू जाऊ नये म्हणून. माझा बा माझ्या खांद्यावर लोंबत होता. गिरणीत बॉयलरपुढे कोळसा ओढून तो पहिल्या पाळीवरून सुटला आणि लालबागच्या नाक्यावर कोसळला. अंग तव्यासारखं तापलेलं, पण घाम नाही. तोंडाने काहीबाही बरळत होता.

समोर मंडप. उन्हाने भोवळ आलेल्या कामगारांसाठी मदत समितीने उभारलेला. आत बाजा, ओल्या चादरी, पाण्याचे माठ. एक बाज रिकामी होती. मी ती पाहिली, तात्यानेही पाहिली. आणि मागं काय? भर उन्हात ठेवलेला एक माठ. सावलीचा पत्ता नाही.

त्या मंडपाचं गोणपाट आमच्या चाळीतल्या बायकांनी शिवलं होतं. मीही शिवलं, बोटं सोलवटेपर्यंत. तेव्हा कुणी म्हणालं नाही, मागं बसून शिवा. सुतळीला विटाळ होत नसावा.

आणि हा तात्या कोण? समोरच्याच चाळीतला, आता ह्या समितीचा कार्यकर्ता. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चावर गोळीबार झाला, पोलीस मागे लागले, तेव्हा दोन दिवस आमच्या खोलीत लपला होता. आमच्या माठातलं पाणी प्यायला, आईच्या हातची भाकर खाल्ली. “आता जात कसली? आता महाराष्ट्र!” म्हणाला होता. मला ते खरं वाटलं. मूर्ख मी. परक्याने हाकललं असतं तर एवढं झोंबलं नसतं.

“तात्या, बा मरंल माझा.”

“माझं काय नाय गं. पण लोक इथलं पाणी प्यायचे नाय.”

माझी भीड तिथेच मेली. बाला ओढत नेऊन मी त्या बाजेवर निजवलं. माठात तांब्या बुडवला, चादर भिजवली, त्याच्या अंगाभोवती गुंडाळली. शेजारच्या बाजेवरचे दोघे उठून चालते झाले. तात्या खाली बघत राहिला. मला अडवायची कुणाची छाती झाली नाही.

संध्याकाळी बा शुद्धीवर आला. सगळं ऐकून म्हणाला, “मागं नेलं असतंस तरी चाललं असतं, पोरी.”

तात्यासमोर मी रडले नव्हते. ह्यावर रडले. जन्मभर मागं जाऊन जाऊन त्याला तीच जागा आपली वाटायला लागली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी मंडपात गेले. पदर खोचला आणि तांब्या घेऊन माठापाशी उभी राहिले.

“कशाला वाद, बाय?” तात्या म्हणाला.

“उन्हाळा सरेस्तोवर पाणी मी देणार. ज्याला चालंल त्यानं प्यावं. नाय चालणार, त्यानं तहानेलं जावं.”