कंडेन्सरवरचं कुंकू

नांदूरघाटात आसाराम नावाचे चार जण आहेत, पण रेडिओवाला आसाराम एकच. रेडिओ ऐकणारे कधीच संपले, दुकानाला कुलूप लागूनही बारा वर्षं झाली, तरी नाव काही सुटलं नाही. वय अडुसष्ट, डोळ्यांवर जाड भिंगं, आणि बिघडलेली वस्तू दिसली की हात शिवशिवणार. माणसांच्या बाबतीत मात्र हा हात कधी चालला नाही. ती बाजू त्याची बायको सारजाबाई सांभाळायची.

सारजाबाई चौथी शिकलेली. लग्न होऊन आली तेव्हा तिला रेडिओ कुठून सुरू करतात तेही ठाऊक नव्हतं. पाच वर्षांत ती दुकानात नवऱ्याच्या शेजारी बसून रेझिस्टन्सच्या रंगपट्ट्या वाचायला लागली. गिऱ्हाइकाला तोंड तीच द्यायची आणि नवऱ्याच्या चुकाही तीच काढायची. चूक ठरलेली. आसाराम काम शिकला ते जुन्या ट्रान्झिस्टरवर, आणि त्या सेटांत बॅटरीची अधिक बाजू पत्र्याला, म्हणजे खालच्या चासीला जोडलेली असायची. व्हॉल्व्हच्या, म्हणजे काचेच्या दिव्यांच्या सेटात सगळं उलटं, पत्र्याला उणे. पण जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. कंडेन्सरची अधिक-उणे टोकं उलटी लागली की तो फुटतो, आणि जरा लक्ष हललं की आसारामचा कंडेन्सर उलटा बसलाच. दोनदा फुटला, त्यातला एक थेट गिऱ्हाइकाच्या तोंडावर.

तेव्हापासून सारजाबाईनं रीतच पाडली. कंडेन्सर त्याच्या हातात देण्याआधी ती कपाळाच्या कुंकवाला बोट लावायची आणि जे टोक पत्र्याला जायचं त्यावर लाल ठिपका द्यायची. "अवो, कुंकू खाली," एवढंच म्हणायची. पुढे तीस वर्षं एक कंडेन्सर फुटला नाही. आसाराम चारचौघांत सांगायचा की आपला हातच तसा आहे, आणि ती ऐकून घ्यायची.

पोळ्याच्या आदल्या दिवशी तिला झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. समज किती उरली आहे ते आता सांगता येणार नाही, असं बीडच्या डॉक्टरांनी सांगितलं. घरी आणल्यावर पहिले दोन महिने आसाराम तिच्याशी बोलायचा. उत्तर येत नाही म्हटल्यावर बोलणं कमी झालं. मग तिच्याविषयी तिच्याच खाटेशेजारी बसून बोललं जाऊ लागलं. आलेगेले विचारायचे, "कळतंय का काही?" आणि तो मान हलवायचा. बाकी सेवेत त्यानं कसूर केली नाही. पाणी तापवायचा, घास भरवायचा, रोज सकाळी तिच्या कपाळाला कुंकू लावायचा. ते नेहमी वाकडं लागायचं.

महाशिवरात्रीला तिला उचलताना तो तिच्यासकट पडला. पुण्याला नोकरी करणारा मुलगा परमेश्वर धावत आला आणि म्हणाला, आता बास. तिकडे एका केंद्रात अशा पेशंटांना ठेवून घेतात, तिथे मायला ठेवू, तुम्ही आमच्याकडे राहा. आसाराम हातापाया पडला. तेव्हा परमेश्वरानं शब्द दिला, "माय कशाला तरी ओळखते एवढं दाखवा, न्हाई नेत मी. पाडव्यानंतरच्या रविवारी येतो."

आसारामला तेव्हा टेस्टची कॅसेट आठवली. दुरुस्त झालेला टेप तपासायला दुकानात एक कॅसेट होती, आणि तिच्यावर सारजाबाईचाच आवाज होता. "ह्यालो, ह्यालो. मी सारजाबाई बोलते नांदूरघाटाहून. आज बाजार हाय. गवार लई महाग झालीय." त्यानं ती जुन्या टेपवर लावली. चिलटासारखा आवाज आला. सारजाबाईनं मान वळवली नाही.

तिनं हा आवाज कायम व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्प्लिफायरवर ऐकलेला, टेपच्या छोट्या स्पीकरवर तिला तो कसा ओळखू येणार, असं त्यानं मनाशी धरलं. खरं तर बुडत्याला काडीचा आधार, दुसरं काय! त्यानं चासीसाठी माळ्यावर पडलेला पत्रा काढला, जुना ट्रान्सफॉर्मर काढला. दुधाच्या पावडरच्या डब्यात कापसात गुंडाळून ठेवलेला एक व्हॉल्व्ह निघाला. तेवढाच शिल्लक होता. एका व्हॉल्व्हचा साधा अ‍ॅम्प्लिफायर चार दिवसांत उभा राहिला. पण घरातले जुने कंडेन्सर सगळे सुकून गेलेले, म्हणून व्हॉल्व्हच्या कॅथोड नावाच्या टोकाशी कंडेन्सरची जागा त्यानं मोकळीच ठेवली होती. त्या जागी कंडेन्सर नसला तर व्हॉल्व्ह बोलतो, पण स्वतःचाच गळा दाबून. आवाज तसाच आला, दबका. शेजारच्या भिवराबाईला बायकोजवळ बसवून आसाराम बसनं बीडला गेला आणि दोन कंडेन्सर घेऊन आला. त्याची सवय होती, एक लावायला आणि एक दगा दिला तर.

शुक्रवारी सकाळी तो खाटेला खेटूनच कामाला बसला. कंडेन्सरचे पाय वाकवले, जागेवर बसवला, सोल्डर गन तापत ठेवली. सारजाबाईनं "आं... आं..." सुरू केलं. पाणी पाजलं, थांबेना. उशी नीट केली, थांबेना. तिनं डावा हात उचलला, कपाळावर नेला आणि कुंकू खसाखसा चोळलं. लाल झालेलं बोट तसंच पुढे करून ती अ‍ॅम्प्लिफायरच्या डब्यावर वाकू लागली.

भाकरी घेऊन आलेली भिवराबाई दारातच ओरडली. "अगं बया! भाऊजी, हिनं कुंकू पुसलं! नवरा जित्ता आसताना!"

आसारामनं वळून बघितलं. सारजाबाईचं बोट कंडेन्सरला टेकलं होतं. त्यानं तिचा हात धरून मागे ढकलला. "भाजंल ना!" म्हणून खेकसला. मग फडक्यानं तिचं बोट पुसलं, कपाळ पुसलं आणि नवीन कुंकू लावलं. भिवराबाई हळूच म्हणाली, "गेली हो हिची अक्कल समदी." डोळे पुसून आसारामनं सोल्डर लावलं.

दुपारी कॅसेट चालू झाली. काय आवाज आला! भरलेला, खणखणीत, तीस वर्षांपूर्वीचा. "ह्यालो, ह्यालो. मी सारजाबाई बोलते..." आसारामला हुंदका फुटला. सारजाबाई मात्र स्पीकरकडे बघतच नव्हती. तिची नजर डब्यावर, आणि "आं आं" वाढत चाललेलं. "आगं, तुझाच आवाज हाय, हिकडं बघ की!" त्यानं तिची हनुवटी धरून तोंड स्पीकरकडे वळवलं. तिनं ते पुन्हा डब्याकडे नेलं.

तेवढ्यात परमेश्वराचा फोन आला. ओळखलं का, असं त्यानं विचारलं.

"न्हाई रे. सोत्ताचा आवाज कळंना तिला. सकाळी कुंकू बी पुसलं." आसारामचा धीर सुटला. "ने बाबा. ही आता भिंतीसारखीच. देवानं सोडवली आसती तर बरं झालं आसतं. माज्यानं बी होईना आता."

त्यानं फोन ठेवला. सारजाबाई गप्प झाली होती. कॅसेटमधली सारजाबाई गवारीचा भाव सांगत होती. मग आवाज घरघरला, व्हॉल्व्हच्या आतली प्लेट लालबुंद झाली, फट्‌ असा बार झाला आणि घरभर करपट वास भरला. आसारामनं वायर ओढली तोवर उशीर झाला होता. शेवटचा व्हॉल्व्ह गेला.

त्यानं डबा उलटा केला. कंडेन्सरचं बूड फुटून बाहेर आलं होतं. उणेची पट्टी वर होती, अधिक टोक पत्र्याला जोडलेलं. तीच जुनी खोड. आणि वरच्या टोकाला, जे खाली जायला हवं होतं त्या टोकाला, कुंकवाचा डाग होता.

आसारामच्या हातातून डबा निसटला.

सगळं तिला कळत होतं. सात महिन्यांचं सगळं. आलेगेल्यांचं, भिवराबाईचं, आणि आत्ताचं फोनवरचं. "सारजे, कळतंय का गं तुला?" त्यानं तिच्या तोंडाजवळ तोंड नेऊन विचारलं. तिच्या डाव्या डोळ्यातून पाणी उशीवर गेलं. तिनं मान भिंतीकडे वळवली.

त्यानं लगेच परमेश्वराला फोन लावला आणि रडत रडत कुंकवाचं सांगितलं. "आण्णा," परमेश्वर शांतपणे म्हणाला, "आत्ता मघाशी तुमीच म्हणलात, ने म्हणून. कुंकू हाताला लागतंच की. येतो रविवारी. माज्यासमोर तिला करू द्या."

शनिवार सगळा त्यानं तिच्याजवळ काढला. पाय दाबले, माफी मागितली, देवाची शपथ घातली. "चुकलो मी. त्वा निस्ता एक ठिपका दे पोरासमोर. तुला कुठंच जाऊ देत न्हाई." ती भिंतीकडेच बघत होती. भरवलेला घास तिनं गिळला, पण त्याच्याकडे बघितलं नाही.

रविवारी अकराला गाडी आली. परमेश्वर खाटेशी उभा राहिला. आसाराम गुडघ्यावर बसला. एका हातात उरलेला कंडेन्सर, दुसऱ्या हातात तिचा कुंकवाचा करंडा, झाकण उघडलेलं. "सारजे, कुंकू खाली. कोणतं टोक, दाव त्याला."

सारजाबाईनं मान वळवली. दोन दिवसांत पहिल्यांदा तिनं नवऱ्याकडे बघितलं, चांगलं निरखून बघितलं. डावा हात उचलला. हात करंड्यापर्यंत आला. बोटानं तिनं झाकण अलगद ओढलं, नीट बसवलं आणि वरून दाबलं.

"बघा," परमेश्वर म्हणाला. "न्हाई कळत तिला, आण्णा. उठा आता."

"कळतंय रे," आसाराम म्हणाला. "मी बोललेलं समदं कळलंय तिला."

परमेश्वरानं बापाच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो मायची पिशवी भरायला आत गेला. सारजाबाईनं डोळे मिटून घेतले. करंडा हातात धरून आसाराम तिथेच बसून राहिला.