सेप्टिक टँकचं झाकण उघडल्यावर

डिचोली-पेडण्यात माझा सेप्टिक टँक उपसायचा टँकर फिरतो. चालवतो गुरुदास, पाइप धरतो मी. या धंद्यात टाक्या भरतात त्याहून लवकर किस्से भरतात. लोक डॉक्टरला सांगत नाहीत ते आम्हाला सांगतात. झाकण एकदा उघडलं की लपवायला उरतंच काय?

सर्वण गावात एका काकांनी नुकतीच अंगणाला फरशी घातली होती, मधोमध रंगीत मोर. "टाकी कुठे?" विचारलं, तर सगळे एकमेकांकडे बघू लागले. बांधताना थोरला मुलगा उभा होता, आणि तो आता बोटीवर नोकरीला. शेवटी त्याला व्हिडिओ कॉल लावला. काका मोबाइल धरून अंगणभर फिरले.

"उजवीकडे... आणखी थोडं... थांबा बाबा. तुम्ही झाकणावरच उभे आहात."

काकांनी खाली पाहिलं. पायाखाली मोर. फोडावा लागला. नवा मोर बसवताना तेवढी फरशी सुटी ठेवून घेतली. आता पाहुण्याने तिथे खुर्ची ओढली की काका म्हणतात, "जरा सरकून बसा, टाकीवर आहात."

इब्रामपूरच्या एका निवृत्त मास्तरांची टाकी सारखी तुंबायची. मास्तर म्हणाले, "टाकीत जंतू जिवंत पाहिजेत, तेच मैला कुजवतात. मी दर रविवारी पावडरची पुडी टाकतो." बरोबरच होतं. मग मागच्या दारी वयनी भेटल्या. संडास कसा धुता, विचारलं.

"दर सोमवारी. फिनेलची अख्खी बाटली."

"वयनी, रविवारी मास्तर जंतू सोडतात आणि सोमवारी तुम्ही मारता."

वयनी आत बघून म्हणाल्या, "मला कोण सांगणार? हे घरात बोलतात कुठे?"

मास्तर आतून म्हणाले, "लग्नापासून असंच चाललंय."

गणपतीची चवथ जवळ आली की आमचा फोन थांबत नाही. मुंबई-पुण्याची माणसं घरी येतात, आणि चौघांसाठी बांधलेल्या टाकीवर सगळं गोत येऊन पडतं. मोप्याला असंच आदल्या दिवशी एका घरी पाइप लावला. काम अर्ध्यावर, तेवढ्यात वाटेवर टाळ ऐकू आले. घरचाच गणपती येत होता, आणि अरुंद वाटेत आमचा टँकर आडवा! धाकटा भाऊ खवळला, "आधी हे धूड काढा." गुरुदासने चावी हातात घेतली. पण घरचे थोरले पायरीवरून हललेही नाहीत.

"काम होऊ दे," ते म्हणाले. "देव थांबेल. पाहुणे थांबायचे नाहीत."

आणि डिचोलीच्या शेवंतीकाकी. संडास घासताना त्यांच्या कानातली कुडी भांड्यात पडली आणि पाण्याबरोबर गेली. कुडी आवयची, आईची तेवढीच आठवण उरलेली. आम्ही पोचलो तेव्हा काकी सकाळपासून जेवल्या नव्हत्या, आणि त्यांचे यजमान भिवाकाका शर्ट काढून टाकीत उतरायला निघाले होते.

"काका, आत विषारी वायू असतो. उतरलेला माणूस वर येत नाही. आम्हीसुद्धा उतरत नाही."

त्यांना ऐकायला कमी येतं. शेवटी गुरुदासने दोन्ही हातांनी धरून त्यांना कदेलीवर, अंगणातल्या खुर्चीत बसवलं, तसे ते रडायला लागले. "कुडी मिळाली नाही तर हिला तोंड कसं दाखवू?" म्हणत होते.

संडासातून टाकीकडे जाताना मध्ये छोटा चेंबर असतो. सोनं जड, बहुतेक तिथेच बसतं. गुरुदासने लांब दांड्याच्या डावाने तळचा गाळ काढला, आम्ही तो जाळीवर ओतून पाणी मारलं. कुडी चमकली. काकींनी ती धुतली, डोळ्यांना लावली आणि पहिल्यांदा काकांकडे बघून हसल्या.

"अजून काहीतरी आहे," गुरुदास म्हणाला.

पाणी मारल्यावर दिसलं, कानाचं मशीन. काकींनी ओळखलं.

"हे तर लेकाने मस्कतहून आणलेलं. तुम्ही म्हणालात, बाजारात पडलं. हे इथे कसं आलं?"

भिवाकाकांनी कानामागे हात धरला.

"काय म्हणतेस?"